काळ्या मातीवर टर्फ: टेकाड एकाच कोपऱ्यात का आलं?

आधी माझी चूक सांगतो. पीएचडीला प्रवेश घेऊन जेमतेम सहा महिने झाले होते, तेव्हा परभणीहून मामांचा फोन आला. अंगणात कृत्रिम हिरवळ, म्हणजे टर्फ, बसवायचं होतं. "तू मातीचाच अभ्यास करतोस ना, मग सांग की खाली काय करायचं." मी ऐटीत सांगितलं: दहा सेंटीमीटर माती काढा, रोलर फिरवून तळ कडक दाबा, वर खडी, त्यावर बारीक कच आणि मग टर्फ. मे महिन्यात काम झालं. ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात टेकाड आलं, दोन पट्ट्यांमधला जोड उसवला आणि आजी त्यात पाय अडकून पडली. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

तुम्ही रिसर्चची तयारी करत असाल, तर ही गोष्ट तुमच्या कामाची आहे.

माती फुगते म्हणजे काय होतं?

आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पत्त्यांचा कॅट डोळ्यांसमोर आणा. एकेक पत्ता म्हणजे साधारण एक नॅनोमीटर जाडीचा थर. दोन थरांमधलं बंधन कमजोर असतं, त्यामुळे पाणी आत शिरतं आणि थर एकमेकांपासून लांब जातात. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेलं की ती आकसते आणि भेगा पडतात.

हे मोजायची एक साधी चाचणी आहे, फ्री स्वेल इंडेक्स. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली, भट्टीत वाळवलेली 10 ग्रॅम माती घ्या. अशी दोन मापं. एक पाण्याच्या नळकांड्यात टाका, दुसरं केरोसीनच्या. किमान 24 तास थांबा. केरोसीनमध्ये ही माती फुगत नाही, त्यामुळे तिथलं आकारमान तुलनेसाठी धरायचं. समजा केरोसीनमध्ये 10 मिलिलिटर आणि पाण्यात 18 मिलिलिटर दिसलं, तर इंडेक्स 80 टक्के. 50 च्या आत असेल तर फारशी काळजी नाही, 100 च्या पुढे गेला तर सावध व्हायचं.

मी ही चाचणी केलीच नव्हती. पण खरी गंमत पुढे आहे. केली असती, तरी टेकाडाचं उत्तर मिळालं नसतं. कारण अंगणभर माती एकच होती. मग टेकाड एकाच कोपऱ्यात का?

गुणधर्म वेगळा, परिस्थिती वेगळी

त्या कोपऱ्यात गच्चीचा पावसाळी पाइप उतरत होता. माती सगळीकडे सारखी, पण पाणी सारखं नव्हतं. शिवाय चिकणमातीत खड्डा खणून त्यात खडी भरली, म्हणजे मी नकळत हौदच बांधला होता. टर्फच्या तळाला भोकं असतात, त्यातून पाणी खडीत उतरतं. खालची काळी माती मात्र ते पुढे जाऊ देत नाही. पाणी साचतं आणि सावकाश मातीत मुरत राहतं.

दुसरी चूक रोलरची. कोरडी काळी माती जितकी घट्ट दाबाल, तितकी ती पाणी मिळाल्यावर जास्त फुगते. म्हणजे मी कडक केलेला तळच अंगावर आला.

"मग वर जाड खडी टाकून दाबून ठेवू," असं मामा म्हणाले. हिशोब करून बघा. 15 सेंटीमीटर खडीचा दाब साधारण 3 किलोपास्कल. काळ्या मातीचा फुगण्याचा दाब कित्येकदा 100 किलोपास्कलच्याही पुढे जातो. वजनाने ही लढाई जिंकता येत नाही.

आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केलं. न फुगणाऱ्या, पण कण धरून ठेवणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर वर दिला, तर खालच्या मातीचं फुगणं आटोक्यात येतं, असं त्यांनी दाखवलं. कालव्यांच्या अस्तराखाली ही पद्धत वापरतात. पण असा थर फुगण्याच्या दाबानुसार मीटरभरापर्यंतही जाड लागू शकतो. अंगणात टर्फसाठी एवढं कोण खणणार?

म्हणून आपला प्रश्नच बदलावा लागतो. "माती फुगणं कसं थांबवू?" हा प्रश्न अंगणाला परवडत नाही. "माती सगळीकडे सारखी कशी फुगेल?" हा परवडतो. टर्फ लवचीक असतं. अख्खं अंगण थोडं वर आलं तर कुणाला कळतही नाही. एकच कोपरा वर आला की जोड तुटतो.

मग काय केलं?

दिवाळीनंतर सगळं उचललं. गच्चीचा पाइप थेट गटारापर्यंत नेला. काळ्या मातीच्या तळालाच घरापासून दूर, शंभराला दीड असा उतार दिला. तळ या वेळी किंचित ओला ठेवून दाबला. त्यावर चाळलेला मुरूम दाबून बसवला, मग जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे खडी खाली रुतत नाही आणि माती वर येत नाही. मग खडी, कच आणि टर्फ. उताराच्या टोकाला कापडात गुंडाळलेला भोकाभोकांचा पाइप टाकून हौदाला तोंड दिलं. त्यानंतर दोन पावसाळे गेले. अंगण हलतं, पण एकसारखं. जोड शाबूत आहेत. आजी मात्र अजूनही त्या कोपऱ्याला वळसा घालूनच जाते.

आता तुमच्यासाठी. सिनॉप्सिस लिहिताना स्वतःला दोन गोष्टी विचारा. मी जे मोजतोय, तो पदार्थाचा गुणधर्म आहे की त्याच्यावर आलेली परिस्थिती? आणि मी ते कोणत्या ऋतूत मोजतोय? मे महिन्यातली काळी माती दगडासारखी असते. तिच्यावर विश्वास ठेवून दिलेला सल्ला ऑगस्टमध्ये तपासला जातो, आणि तेव्हा त्यावरून कुणीतरी चालत असतं.