रोजची ॲसिडिटी : जंतूची तपासणी करून घ्या

पोटात जळजळ झाली की मेडिकलमधून गोळी आणायची, हे काल्हेरच्या गोदामांत राबणाऱ्या घरांना नवे नाही. गोळीने जळजळ थांबते. पण जठराला सूज का आली, ते कळत नाही.

अनेकदा त्यामागे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू असतो. तो बहुधा लहानपणीच घरातल्या माणसांकडून पोटात जातो आणि उपचार न केल्यास वर्षानुवर्षे राहतो. त्यातून काहींना अल्सर, क्वचित कॅन्सरही होतो.

पूर्वी अल्सरचा दोष तिखटाला आणि काळजीला देत. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन पाहिला. त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली त्यांना व डॉ. रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले.

शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत जंतू कळतो. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर जंतू असूनही दिसत नाही. औषधांचा कोर्स साधारण १४ दिवसांचा; बरे वाटले तरी मध्येच सोडू नका. अंगदुखीच्या गोळ्यांनीही जठर सुजते, तेही सांगा.

शौच डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त आले, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा.