फ्यूज की ब्रेकर? आधी वायर पाहा

गाडीत अँप्लिफायर आणि वूफर बसवताना बहुतेकजण धरून चालतात, की फ्यूज अँप्लिफायरला वाचवतो. बाकीचे गैरसमज यातूनच फुटतात. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज वायरसाठी असतो. बॉनेटमधून निघालेली जाड वायर पत्र्याच्या भोकातून, कार्पेटखालून, सीटच्या रेलशेजारून चार-पाच मीटरवर डिकीत पोचते. वाटेत पत्र्याच्या धारेनं तिचं आवरण कापलं, की ती थेट बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला टेकते. छोट्या गाडीची बॅटरीसुद्धा अशा वेळी शेकडो अँपिअर सहज सोडते. वायर तापून आवरण वितळतं आणि कार्पेट पेट घेऊ शकतं.

‘अँप्लिफायरला स्वतःचे फ्यूज असतातच की’, असं दुकानातही ऐकवतात. ते फ्यूज वायरच्या दुसऱ्या टोकाला बसलेले. मधेच शॉर्ट झालं, तर तो करंट त्यांच्यापर्यंत जातच नाही. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून 18 इंचांच्या, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटरच्या आत हवा. जितका जवळ तितकं चांगलं, कारण त्याच्या अलीकडच्या तुकड्याला कोणीच वाली नसतो.

मोठा फ्यूज लावला की बास दणकेबाज होतो, हा समज मात्र सरळ धोक्याचा आहे. फ्यूज करंट ढकलत नाही, फक्त मर्यादा घालतो. 500 वॉट आरएमएसचा क्लास डी अँप्लिफायर 80 टक्के कार्यक्षम धरला, तर त्याला 625 वॉट लागतात; 13.8 व्होल्टला ते सुमारे 45 अँपिअर होतात. शुद्ध तांब्याच्या 8 गेज वायरला साधारण 50 ते 60 अँपिअरचा फ्यूज चालतो. तो उडतो म्हणून कोणी 100 अँपिअरचा ठोकला, की फ्यूज शाबूत राहून वायर जळण्याची सोय झाली. स्वस्त किटमधली वायर तर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. तिची वाहकता तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश, तेव्हा तिथे एक माप जाड वायर घ्यावी.

आता ब्रेकर. तो फ्यूजपेक्षा चपळ, असं अनेकांना वाटतं. गाड्यांसाठी मिळणाऱ्या बहुतेक ब्रेकरमध्ये दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि मगच सर्किट तुटतं. फ्यूजही लगेच उडत नाही. नेहमीचा ब्लेड फ्यूज 110 टक्के करंटवर किमान शंभर तास टिकला पाहिजे. 135 टक्क्यांवर तो दहा मिनिटंही घेऊ शकतो, दुप्पट करंटवर पाच सेकंदांच्या आत उडतो. ब्रेकरची पट्टी मात्र इंजिनाच्या उष्णतेनं आधीच तापलेली असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात बॉनेटखालचा ब्रेकर विनाकारण ट्रिप झाला, तर त्यात नवल नाही.

ब्रेकर तीन प्रकारचे असतात. पहिला थंड झाला की आपोआप जोडला जातो. शॉर्ट कायम असेल, तर तो पुन्हा पुन्हा जोडतो आणि वायर पुन्हा पुन्हा तापते. दुसरा प्रकार सप्लाय चालू असेपर्यंत तुटलेला राहतो. तिसरा हातानं बटण दाबल्याशिवाय जोडला जात नाही, आणि ऑडिओच्या मुख्य वायरला हाच घ्यावा.

घरातला एमसीबी इथे लावू नये. तो एसीसाठी बनतो, जिथे 50 हर्ट्झचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला मदत करतो. बॅटरीच्या डीसीत तसा क्षण येत नाही. शिवाय इंजिनाच्या हादऱ्यांचा आणि उष्णतेचा विचार करून तो घडवलेला नसतो.

माझं मत स्पष्ट आहे: बॅटरीजवळ चांगल्या कंपनीचा एएनएल प्रकारचा फ्यूज. अशा फ्यूजवर 32 व्होल्टला 6000 अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडण्याची क्षमता छापलेली मिळते. बिनब्रँडच्या चकचकीत ब्रेकरवर असा आकडाच नसतो, आणि मोठ्या शॉर्टमध्ये त्याचे संपर्क एकमेकांना चिकटून बसले, तर तो तुटणारच नाही. काम करताना सप्लाय तोडायची सोय हवी असेल, तर चांगला ब्रेकर फ्यूजच्या पुढे, गाडीच्या आत जोडावा.

डिकीत दुसरी बॅटरी असेल, तर दोन्ही बॅटरींना जोडणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो. तिथे शॉर्टमध्ये करंट दोन्हीकडून येतो.