वेड्यांची इस्पितळे, ब्रिटिशकालीन
मनोविकृत व्यक्तींना बंदिस्त ठेवून त्यांची देखभाल करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने व पुढे ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात चालविलेल्या संस्था. त्यांच्या कारभारास व्यापक कायदेशीर चौकट १८५८ च्या ३६ व्या अधिनियमाने मिळाली. प्रत्येक इस्पितळावर किमान तीन अभ्यागत नेमावेत, त्यांपैकी एक वैद्यकीय अधिकारी असावा व तपासणी दरमहा व्हावी, अशी तरतूद त्यात होती. तुरुंगांचा निरीक्षक हा पदसिद्ध अभ्यागत असे. मोकाट फिरणाऱ्या वा धोकादायक वेड्यास पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे व वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन त्याने इस्पितळात धाडावे, असा क्रम ठरलेला होता. नातेवाइकांनी हमी दिल्यास रोगी त्यांच्या हवाली करता येई. अधीक्षकपद बहुधा जिल्हा शल्यचिकित्सकाकडे इतर कामांबरोबर असे.

वार्षिक अहवालांत खर्च आस्थापना, आहार, कपडे, औषधे व किरकोळ अशा बाबींखाली दाखवून त्यास रोग्यांच्या दैनिक सरासरी संख्येने भागत आणि दरडोई खर्च काढीत. या हिशेबात एक खोच होती. नोकरवर्ग तेवढाच ठेवून रोगी वाढले, की दरडोई आकडा आपोआप उतरे. परिणामी दाटी ही कागदोपत्री काटकसर ठरे. रोग्यांकडून भाजीपाल्याची लागवड, विणकाम इ. कामे करून घेत; त्यांना उपचार म्हटले जाई, पण त्यांचे उत्पन्न खर्चातून वजाही होई. यूरोपीय रोग्यांची व्यवस्था वेगळी व महागडी होती. त्यांपैकी अनेकांना इंग्लंडला परत पाठवीत. १८७० ते १८९२ या काळात लंडनजवळ ईलिंग येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र इस्पितळ होते. १९१८ मध्ये रांची येथे यूरोपियनांचे इस्पितळ निघाले.

नोंदी किती विश्वसनीय होत्या, हे १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने उघड केले. रोग्याबरोबर येणाऱ्या वर्णनपत्रात वेडाचे कारण भरावे लागे. पोलीस ते फारशी चौकशी न करता भरीत. दुसरे काही न सुचल्यास ‘गांजा’ हे उत्तर सोयीचे होते. १८९२ मधील १,३४४ प्रवेशांपैकी २२२ प्रकरणे या मादक द्रव्यांच्या माथी मारली होती. आयोगाने ती पुन्हा तपासली, तेव्हा अवघ्या ९८ प्रकरणांत हे कारण ग्राह्य ठरले. त्यांतही अन्य कारण नसलेली ६१ च होती. जी आकडेवारी वर्षानुवर्षे छापली गेली व जिच्यावर मते बनली, तिचा पाया असा कारकुनी होता.

मुंबई इलाख्यात कुलाबा येथील इस्पितळ जुने होते. रत्नागिरी (१८८६), ठाण्याजवळील नौपाडा (१९०१) व येरवडा (१९१५) ही पुढची. मध्य प्रांतात नागपूरचे इस्पितळ १८६४ मधील. नौपाड्याच्या इस्पितळास नरोत्तमदास माधवदास यांचे नाव होते. सिंधमधील हैदराबादच्या इस्पितळास सर कावसजी जहांगीर यांची देणगी लाभली. वास्तूसाठी दाते पुढे येत. दैनंदिन खर्चाचा भार मात्र सरकारी तिजोरीवरच राही.

१९१२ च्या चौथ्या अधिनियमान्वये निर्वाहखर्च रोग्याच्या मालमत्तेतून किंवा त्याच्या पोषणास कायद्याने बांधलेल्या व्यक्तीकडून दिवाणी न्यायालयामार्फत वसूल करता येऊ लागला. पुढे ‘मनोरुग्णालय’ हे नाव आले, पण विस्तार बेताचाच राहिला : १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात अशी १९ रुग्णालये व सु. १०,००० खाटा नोंदल्या आहेत. १९१२ चा अधिनियम स्वातंत्र्यानंतरही चालू होता. १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १ एप्रिल १९९३ पासून अंमलात आला, तेव्हा तो संपुष्टात आला.