सुरुंगाचा परवाना आणि वात पेटवणारा हात

ठाण्याहून मुंब्र्याकडे जाताना पारसिकचा डोंगर लागतो. 1916 साली सुरू झालेला रेल्वेचा बोगदा त्याच्याच पोटातून गेला आहे. पुढे शिळफाट्याकडे डोंगर फोडून खदानी झाल्या. तिथल्या खडीने डोंबिवली-कल्याणच्या इमारती उभ्या राहिल्या. माझा बाप अशाच एका खदानीत सुरुंग भरत असे. कांडी, टोपी, वात हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो. न उडालेला सुरुंग पाहायला गेला आणि त्याची दोन बोटे गेली. मालकाच्या वहीत नोंद झाली, ‘दगडावरून पडला.’

कायदा मी वाचला तो प्राध्यापक झाल्यावर. 1884चा स्फोटक पदार्थांचा कायदा आणि त्याखालचे 2008चे नियम यांनुसार स्फोटके बनवणे, विकणे, बाळगणे, वापरणे, वाहून नेणे या सर्वांना परवाना लागतो. स्फोटकांचा प्रकार आणि साठा पाहून तो जिल्हा दंडाधिकारी तरी देतो, नाहीतर नागपुरात मुख्यालय असलेली केंद्राची पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना. अठरा वर्षांखालच्यांना हे काम निषिद्ध आहे. आल्यागेल्या मालाचा हिशेब परवानाधारकाने ठेवायचा असतो. म्हणजे कांडी मोजलेली असते. माणूस?

त्याचीही नोंद कायद्याला हवीच होती. 1952च्या खाण कायद्याने बांधकामाच्या दगडाच्या उघड्या खदानींना बऱ्याच तरतुदींतून सूट दिली होती, पण खोली सहा मीटरच्या आत, माणसे पन्नासांपर्यंत आणि स्फोटकांचा वापर नाही, या तिन्ही अटी पाळल्या तरच. पहिला सुरुंग उडाला की सूट संपली. मग कामाचे तास, प्रथमोपचार, कामगारांची नोंदवही, सुरुंग उडवणाऱ्याच्या योग्यतेचा दाखला, सगळे मालकाच्या गळ्यात. ज्या स्फोटाने बापाची बोटे नेली, त्याच स्फोटाने तो कायद्याच्या छत्राखाली आला होता, आणि हे त्याला कुणी सांगितले नाही. आमच्या वस्तीत बहुतेक घरे वडारांची. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने सरकारची वही त्यांना आधीच ओळखीची होती. हजेरीची वही मात्र कधी दिसली नाही.

आणखी एक कलम आहे, आठवे. स्फोटात माणूस मेला किंवा गंभीर जखमी झाला, तर जागेच्या ताबेदाराने मुख्य स्फोटक नियंत्रकाला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलेच पाहिजे. कळवायचे मालकाने, जखमी मजुराने नव्हे.

असे कळवले होते का, हे 2005च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली विचारता येते. खदानीच्या वस्तीतून माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांकडून मी हा अर्ज लिहून घेतो. बहुतेकांना बापाच्या मालकाचे पूर्ण नाव ठाऊक नसते.