प्रेक्षकांची शाळा (लेखांक सातवा) : मेलट्टूरचा गणपती

कोचीच्या महोत्सवातील मुलांच्या कलाखोल्यांचे वर्णन आज करावयाचे असे मी कबूल केले होते. परंतु सांगलीच्या एका वाचकांच्या पत्राने तो बेत मोडला, आणि मोडल्याचे मला फारसे दुःखही नाही. बाझोन ब्रॉक यांनी १९६८ साली कासेलच्या ‘दोकुमेंटा’ प्रदर्शनात काढलेल्या प्रेक्षकशाळेची या मालेतील हकीकत वाचून ते पृच्छा करतात की, उत्सवास आलेल्या माणसास नुसते पाहू न देता शिकते करण्याची ही रीत आपण परक्यांकडूनच घ्यावयाची काय?

याच्या उत्तरासाठी तमिळनाडूत जावे लागेल. तंजावर-कुंभकोणम मार्गावर पापनाशम लागते. त्या तालुक्यातील मेलट्टूर हे गाव माझ्या जुन्या आवडीचे असून, त्याचा विषय काढण्यास निमित्त मिळाले की मी ते सहसा दवडीत नाही. नायक राजा अच्युतप्पा याने आंध्रातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांना येथे जमीन इनाम दिली, अशी परंपरा आहे. पुढे मराठ्यांच्या अमदानीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वेंकटराम शास्त्री यांनी याच गावात ‘प्रह्लादचरित्रम्’ आदी नाटके रचली. मुलुख तमिळ, राज्य मराठी आणि नाटके तेलुगू, असा हा ‘भागवत मेळा’ या नृत्यनाट्याचा प्रपंच नृसिंहजयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोर भरतो आणि रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो.

प्रथम उंच टोपी घातलेला कोणंगी हा विदूषक येतो, मग गायन, आणि त्यानंतर गणपतीचा मुखवटा चढवून गावातलाच एक लहान मुलगा नाचत प्रवेश करतो. माझे सारे लक्ष या मुलावर आहे. त्याला बाजूच्या दालनात बसवून रंगाच्या पेट्या दिलेल्या नाहीत. तो आल्यावाचून पुढचे नाटक सुरूच व्हावयाचे नाही, इतके खरे काम त्याच्यावर सोपविलेले आहे. उद्या तोच प्रह्लाद होईल, पुढे कदाचित प्रह्लादाची आई लीलावती, कारण स्त्रीभूमिकाही येथे पुरुषच करतात. आणि एरवी परगावी नोकरीचाकरी करणारी ही माणसे उत्सवापुरती घरी परतून वडिलांकडून आलेल्या भूमिका उभ्या करतात. नृसिंह होणारा नट उपवास करतो, देवळात पूजिला जाणारा मुखवटा धारण करतो, आणि अखेरच्या प्रसंगी त्याचा आवेश इतका अनावर होतो की भोवतालच्या लोकांना त्याला धरून ठेवावे लागते. प्रेक्षकाचे काम तेथे नाटकाचाच भाग झालेले असते.

तंजावरच्या आमच्या सरफोजी महाराजांनी हाच शिक्षणाचा हेतू निराळ्या वाटेने साधला. कुरवंजी नाटकातील भविष्य सांगणारी स्त्री आपल्या देशातील डोंगरनद्यांचे वर्णन करते, हा संकेत हाती धरून त्यांनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली आणि तिच्या पदांतून साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगितला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५० साली ती छापली आहे. भूगोलाच्या आमच्या क्रमिक पुस्तकांपेक्षा ही युक्ती मला अधिक शहाणपणाची वाटते, हे येथे नमूद करून ठेवतो.

तथापि सांगलीकरांनी इतक्यात विजयाचा डंका वाजवू नये. मेलट्टूरचे शिक्षण कितीही सखोल असले तरी त्याची सनद जन्माने मिळते. त्या कुटुंबांबाहेरच्या मुलास, आणि मुलीस तर नाहीच नाही, गणपतीचा मुखवटा सहजासहजी मिळावयाचा नाही. उलट २०१२ साली सुरू झालेल्या कोची-मुझिरिस द्वैवार्षिक महोत्सवातील ‘आर्ट बाय चिल्ड्रन’ उपक्रमाच्या खोल्यांत कोणाही मुलाने यावे, माती मळावी, चित्र काढावे, त्याचे कूळ कोणी विचारीत नाही. माझी तक्रार त्या खोल्यांच्या दाराबद्दल नाही, भिंतींबद्दल आहे: आत जे घडते त्यावाचून महोत्सवाचे काही अडते काय? दार कोचीचे आणि जबाबदारी मेलट्टूरची, अशी सांगड मागणे अवाजवी आहे असे मला वाटत नाही. मात्र ती घालावयाची तर आयोजकांना आपल्या मुख्य दालनातील काही जागा आणि बराचसा अधिकार सोडावा लागेल, आणि अधिकार सोडण्याची हौस कोणत्याही संस्थेच्या कारभाऱ्यांना असल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

कोचीच्या त्या खोल्यांत दिवसभर काय चालते, हे पुढील आठवड्यात, दुसरे एखादे पत्र आडवे न आल्यास.