जुनी पिकअप अडली? आधी तपासा, मग सामान घ्या

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कापड व्यवसायात माल वेळेवर पोहोचविण्यावरच व्यापाऱ्याची पत टिकून असते. गाठी बांधून तयार आहेत आणि जुनी पिकअप दारातच अडली, तर त्या दिवसाचा धंदा हातचा जातो. मग घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते, सेल्फ बदलला जातो, तरी दोष तसाच राहतो. आमचा तजुर्बा असा की, जुन्या गाडीत सामानापेक्षा जोडच जास्त दगा देतात. म्हणून व्यापारी बांधवांनी क्रमाने तपासणी करावी.

प्रथम हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले आणि ‘टकटकटक’ असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. दिवे प्रखर राहिले आणि आवाजच नाही, तर इग्निशन स्विच व तेथून सेल्फकडे जाणारी वायर पाहा. दिवे प्रखर असून एकच ‘टक’ होत असेल, तर दोष बहुधा सेल्फमध्ये असतो.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल, तर आधी ऋण वायर काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडे करा आणि ऋण वायर शेवटी जोडा. बॅटरीइतकेच महत्त्व अर्थिंगच्या पट्टीला आहे. ती गंजली की चांगली बॅटरीही निकामी वाटते.

साधा मीटर प्रत्येकाने जवळ ठेवावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवीत असेल तर ती भरलेली, १२.२ असेल तर निम्मी समजावी. इंजिन चालू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा व वायरी तपासा. हा दोष काढल्याशिवाय नवी बॅटरी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. तीही लवकरच उतरेल.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा इंधन कोणते ते पाहावे. पेट्रोल गाडीत प्लगला ठिणगी येते का ते मिस्त्रीकडून तपासून घ्या. नसेल तर कॉइल, आणि जुन्या पद्धतीच्या गाडीत पॉइंट व कंडेन्सर पाहावे लागतात. डिझेल गाडीत ठिणगीचे कामच नसते, त्यामुळे तेथे कॉइल बदलण्याचा प्रश्न येत नाही. अनेक डिझेल पंपांवर इंधन रोखणारा विजेचा व्हॉल्व्ह असतो. चावी देताच त्याचा बारीक ‘टक’ ऐकू यायला हवा. थंडीत सकाळीच त्रास होत असेल आणि इंजिनात हीटर प्लग असतील, तर तेही पाहावेत.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कित्येक ड्रायव्हर त्या जागी तांब्याची तार बांधतात. फ्यूज उडतो तो वायरीला वाचविण्यासाठी. तार बांधली की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि मागे कापडाच्या गाठी भरलेल्या असतात! त्याच अँपिअरचा फ्यूज घाला आणि वायर कोठे घासली आहे ते शोधा. दहा-वीस रुपयांच्या फ्यूजसाठी गाडी, माल आणि ड्रायव्हरचा जीव धोक्यात घालण्यात कोणता हिशेब आहे?