उलुरू: सातबारा नावावर झाला, पुढे काय?

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध एक भलामोठा लाल खडक आहे ना, तो उलुरू. तिथल्या आनंगू लोकांसाठी पवित्र जागा. १८७३ मध्ये विल्यम गॉस तिथे पोचला आणि एका राजकारण्याच्या नावावरून त्याला ‘एअर्स रॉक’ म्हणून मोकळा झाला. १९५८ मध्ये सरकारने पर्यटनासाठी ही जमीन आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून काढून घेतली.

२६ ऑक्टोबर १९८५ ला ती आनंगूंना परत मिळाली. पण अट काय? राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षं सरकारलाच भाड्याने द्यायची! म्हणजे सातबारा यांचा, वहिवाट सरकारची. उद्यानाच्या मंडळात बहुमत आनंगूंचं, तरी पर्यटक खडकावर चढतच राहिले.

चढाई बंद झाली २६ ऑक्टोबर २०१९ ला. मालकी मिळाली, पण मालकाचं ‘नको’ ऐकायला आणखी ३४ वर्षं लागली.